एका देवाची सून

"परक्याच्या घरी गेलीस की आपणहून बोलायचं नाही. विचारलं तरच बोलायचं, आणि विचारलं तेवढंच बोलायचं."

हे आमच्या अव्वाचं, म्हणजे आईचं, सांगणं. उदगीरला कापडाच्या दुकानामागच्या घरात भाकरी थापता थापता ती मला हे ऐकवायची. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण किनवटच्या गाडीत खिडकीशी बसले आणि तिचा आवाज जसाच्या तसा कानात आला. मी मान हलवली. समोर बसलेल्या जैतूनं विचारलं, कुणाला हो म्हणून राहिलीस? मी म्हटलं, अव्वाला. जैतूला त्यात काही नवल वाटलं नाही. तिच्या गावाकडे वारलेली माणसं जेवायलासुद्धा येतात. त्या जेवणासाठीच तर आम्ही निघालो होतो.

जैतू म्हणजे जैतूबाई मेसराम, लातूरच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. मूळची किनवटच्या पुढची. रूळ सोडून जंगलात आत गेलं की एक गोंडांचं गाव लागतं, तिथली. त्या गावात मेसरामांचा थोरला देव आहे. काही वर्षांनी एकदा पौषात त्याची मोठी पूजा होते, आणि मधल्या काळात कुळातलं जे माणूस गेलं असेल ते त्या दिवशी देवात मिसळतं. त्याच्या नावानं घरची बाई देवापुढच्या मैदानात चूल मांडते, रांधते, आणि ते जेवून माणूस देवाकडे जातं. पाऊस पडेना म्हणून पूजा लांबत गेली होती. मध्ये जैतूची आई वारली. आता येत्या पौषात पूजा ठरली होती, आणि जैतूला आईसाठी रांधायचं होतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या चुलीवर. भावजय रांधणारच होती. पण तिच्या हातचं आईला जिवंतपणी कधी गोड लागलं नाही, आता काय लागणार, असं जैतूचं म्हणणं.

अडचण एवढीच, की जैतूला चूल मिळत नव्हती.

त्या गावचा रिवाज असा, की चूल घराला मिळते आणि ती पेटवायची बाहेरून त्या घरात आलेल्या बाईनं, म्हणजे सुनेनं. पोटची लेक लग्न होऊन दुसऱ्या देवांकडे जाते, ती पूजेला पाहुणी. आणि जी लेक कुठंच गेली नाही, चाळिशीला टेकली तरी बिनलग्नाची राहिली, तिचं काय करायचं हे जुन्या माणसांनी ठरवूनच ठेवलं नव्हतं. असली बाई होईल असं त्यांच्या ध्यानात आलं नसावं. तेव्हा ते जैतूच्या भावानं, मोतीरामनं, ठरवलं. त्याचा निरोप आला होता, की दिवाळी झाली की ये, एक स्थळ पाहून ठेवलंय, सगळं मार्गी लागेल. त्या घरी गेलीस की त्या घरच्या देवापाशी तुझी चूल.

जैतूला त्या घरच्या देवाशी काही देणंघेणं नव्हतं. तिची आई या देवाकडे जाणार होती.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. माझं नाव सिद्धम्मा. मी लातुरात शिवणकाम शिकवते. रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करते, त्याआधी पाण्याचा थेंब घेत नाही. सोमवार करते, प्रदोष करते, श्रावणात मीठ खात नाही. ही सगळी व्रतं मनापासूनची आहेत. पण ती ज्या क्रमानं धरली तो क्रम स्थळांचा आहे. मला पहिलं स्थळ आलं तेव्हा मी सोमवार धरला. दुसरं आलं तेव्हा प्रदोष. निलंग्याचे एक किराणावाले फारच चिवट निघाले, त्यांच्यासाठी मला मीठ सोडावं लागलं. पोरगी देवाचं करतेय, तिला रागवायचं कसं, अशी वडिलांची, आप्पांची, पंचाईत व्हायची. होता होता लोकच म्हणू लागले, की हिला संसाराची ओढ नाही. देवाला सगळं ठाऊक होतं. त्यानं ते चालवून घेतलं, आणि मीही त्याचं एकही व्रत आजवर मोडलेलं नाही. आमचं दोघांचं बरं चाललं आहे.

पुढं लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या, साहेब लोक आले. जिल्हा झाल्याचं नळाला तेवढं कुणी सांगितलं नाही. तो आधी जसा खोकायचा तसाच खोकत राहिला. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडली म्हणून नांदेडहून काही नर्सा बदलून आल्या, त्यांत जैतू आली. युनिफॉर्म खांद्यात घट्ट होतो म्हणून ती माझ्याकडे उसवून घ्यायला आली. रुंद खांद्याची, सावळी, हसली की सगळं तोंड हसायचं. माप घेताना माझ्या हातून टेप दोनदा घसरली. ती म्हणाली, बाई, तिसऱ्यांदा पाडू नका, मी तशीही उद्या येणारच हाय. आणि आली. मग परवाही आली. तिला खोली कुणी देत नव्हतं. नाव ऐकलं की लोकांची रिकामी खोली एकदम भरायची. माझ्याकडे माडीवर दोन खोल्या होत्या. गादी एकच होती. दुसरी घ्यायची वेळ आली नाही.

घरमालकीण केवळाबाईंना आमच्याबद्दल काय कळलं होतं ते मला कधी कळलं नाही. एकदा टँकरच्या रांगेत एकीनं त्यांना विचारलं, की माडीवरच्या या दोघी एकमेकींच्या कोण? केवळाबाई म्हणाल्या, "तुझी घागर बघ. पुढं सरक."

तर मी जैतूबरोबर तिच्या गावी निघाले ती मैत्रीण म्हणून, सोबत म्हणून. काय म्हणून ते आमचं दोघींचं पक्कं ठरलं नव्हतं.

स्टेशनापासून बरंच चालावं लागलं. साग वाळून उभे होते, ओढ्यात नुसते गोटे. घरापुढं बाजेवर जैतूची आत्या मारूबाई चुट्टा ओढत बसली होती. ही तिच्या बापाची बहीण. नवरा वारल्यावर माहेरी येऊन राहिलेली. तिला गावात कुणी उलटून बोलत नसे, कारण बहुतेकांच्या बारशाला आणि काहींच्या भानगडींना ती हजर होती. तिनं जैतूला जवळ ओढून तिच्या डोक्याचा वास घेतला, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं, गिऱ्हाईक कापड पाहतं तसं. काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

पाहुण्यांसाठी कोंबडं कापलं होतं. मी भाकरी आणि अंबाडीची भाजी खाते म्हटल्यावर मोतीरामच्या बायकोचा चेहरा पडला. आत्यानं जैतूला गोंडीत काही विचारलं आणि जैतू हसत सुटली. मागाहून तिनं मला सांगितलं, की आत्या विचारत होती, हिच्या देवाची तब्येत बरी नसते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि मागच्या पडवीत पूजेला बसले. विहिरीच्या तळातलं पाणी, गढूळ होतं, गाळून घेतलं. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, भस्म लावलं, बेल वाहिला, नजर लावून बसले. नजर वर केली तर समोर आत्या. चुट्टा विझवून कानामागं खोचलेला. किती वेळ बसली होती कोण जाणे. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. हा देव रोज अंघोळ करतो का? करतो. झोपताना कुठं ठेवतेस? गळ्यातच. जेवताना? गळ्यातच. कधीच काढत न्हाईस? कधीच नाही. घरात आणखी देव असतील की? नाहीत, हाच. आत्यानं वाकून माझा तळहात पाहिला. मग म्हणाली, "आमचे देव झाडात राहतेत. कधी वर्षा-दोन वर्षांनं गाठ पडती. तू तर त्याला नांदवून राहिलीस." आणि कानामागचा चुट्टा काढून पेटवला. पूजा संपल्यावरच पेटवला, हे मी पाहिलं.

दुपारी स्थळ आलं. भुजंगराव नावाचे फॉरेस्ट गार्ड, बायको दोन वर्षांमागं गेलेली. माणूस साधा, मिशा तेवढ्या खात्याच्या. लहानपणापासून आश्रमशाळेत, मग नोकरीत, असं सगळं आयुष्य गावाबाहेर गेलेलं. मोतीराम किनवटला एका कचेरीत कारकून आहे. त्यानं स्थळाची चौकशी कचेरीच्या पद्धतीनं केली होती. नोकरी कायम आहे का, क्वार्टर पक्कं आहे का, फटफटी स्वतःची की खात्याची, सगळं विचारून झालं होतं. आडनावही विचारलं होतं. ते वेगळं निघालं, म्हणून तो निर्धास्त होता. मोहाच्या झाडाखाली बाजा टाकल्या. गावचा पटला आला, म्हणजे तिथला कारभारी, सगळ्या पूजा-लग्नांत शेवटचा शब्द त्याचा. आणखी दोन-चार म्हातारे आले. मी पडवीच्या खांबाशी बसले. जैतू माझ्यापासून हातभर अंतरावर, चेहरा दवाखान्यात इंजेक्शन देताना असतो तसा.

मोतीरामनं भुजंगरावांची तारीफ सुरू केली. क्वार्टरला नळ आहे, हे त्यानं तीनदा सांगितलं. दुष्काळात स्थळाचं याहून काय कौतुक करणार. भुजंगराव मान खाली घालून जेवता जेवता ऐकत होते. मला वाटतं त्यांनाही त्या नळाबद्दल एवढं पहिल्यांदाच कळत होतं. बोलणं जवळजवळ ठरल्यासारखं झालं. तेवढ्यात आत्यानं सहज पाणी मागावं तसं विचारलं,

"बाबा, तू किती देवांचा?"

गोंडांत माणसाची ओळख तिथून सुरू होते. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. मेसराम सात देवांचे. देव सारखे असले की आडनाव काहीही असो, ती माणसं भावंडं. त्यांच्यात लग्न होत नाही. ही गोष्ट तिथल्या शेळीलाही ठाऊक असावी.

भुजंगरावांनी मोतीरामकडे पाहिलं. मोतीरामनं पटलाकडे पाहिलं. पटला झाडाकडे पाहू लागला.

"सात," भुजंगराव म्हणाले.

मग जैतू उठली. पदर नीट घेतला, चालत गेली आणि भुजंगरावांच्या पाया पडली. "दादा, बरं झालं आलास," ती म्हणाली. "मला एकच भाऊ होता."

भुजंगरावांचा चेहरा असा खुलला, की लग्नाची ओढ त्यांनाही फारशी नव्हती हे सगळ्यांना दिसलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग बिनघोर होऊन आणखी एक वाटी रस्सा मागितला. मोतीराम मात्र लाल झाला. आत्या त्याला हळूच म्हणाली, "कचेरीत राहून माणसाचं आडनाव विचारायला शिकलास. देव विचारायचा इसरलास."

मला वाटलं, झालं, आता मंडळी उठतील. पण आत्या उठली नाही. तिनं चुट्ट्याची राख झटकली आणि बाजेवरूनच माझ्याकडे वळली.

"आन् तू ग बाई? तू किती देवांची?"

सकाळी अर्धा तास समोर बसून तिनं सगळं विचारून घेतलं होतं. तिला उत्तर माहीत होतं. ते तिला सगळ्यांपुढं माझ्या तोंडून हवं होतं. विचारलं तेवढंच सांगायचं, म्हणून मी सांगितलं.

"एक."

"सात अन् एक," आत्या म्हणाली. तिनं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "जमतंय की."

पटला खोकला. मग जे बोलणं सुरू झालं ते गोंडीत, आणि मध्येच माझ्यासाठी मराठीत, आणि रागाच्या भरात मोतीरामकडून कचेरीच्या मराठीत. जैतूनं मला नंतर सगळं नीट लावून सांगितलं. पटला म्हणाला, की एका देवाचे लोक आपण कधी ऐकले नाहीत. आत्या म्हणाली, ऐकले नाहीत म्हणून काय झालं, सकाळी मी पाहिलाय तो देव, अंघोळ करतो. एक म्हातारा म्हणाला, की न ऐकलेल्या देवाशी सोयरीक नको असं काही कुणी सांगून ठेवलेलं नाही. दुसरा म्हणाला, सांगून ठेवलेलं नाही म्हणूनच तर घोळ आहे. मोतीराम म्हणाला, अहो पण ही बाई आहे. ही गोष्ट तोवर कुणी काढली नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खरं असल्याचं त्यांना दिसलं.

"बाई-बाईचं घर असतंय का कुठं?" मोतीराम म्हणाला.

आत्यानं त्याला विचारलं, की लातुरात या दोघी जेवतात का उपाशी राहतात. जेवतात, तो म्हणाला. रांधतं कोण? ही. कुणाच्या घरात? जैतूच्या. मग ही बाहेरून आलेली, दुसऱ्या देवांची, आपल्या पोरीच्या घरात रांधणारी बाई कोण झाली, ते तूच सांग, तू शिकलेला आहेस. खरं म्हणजे माडी माझ्या नावावर भाड्यानं होती आणि आमच्याकडे भाकरी जैतूच करते, माझ्या भाकरीला चिरा पडतात. पण ते मला कुणी विचारलं नाही.

इतका वेळ जैतू हसत होती. आता ती हसायची थांबली. ती भावाच्या बाजेपाशी जाऊन खाली बसली.

"दादा, मी कुठं गेले न्हाई म्हणून मला चूल न्हाई. खरं हाय. पण माझ्याकडं कुणीतरी आलंय. येवढंच बघ. आईला मला एकदा जेवू घालू दे."

मोतीराम जमिनीकडे बघत राहिला. त्याला आईची आठवण आली असावी. त्याचा खालचा ओठ जैतूसारखाच हलतो, हे मला तेव्हा दिसलं. तो म्हणाला, मी काय सांगू, पटला सांगंल ते खरं.

पटला मुरलेला माणूस होता. त्याला नाही म्हणून मारूबाईचं तोंड वर्षभर सोसायचं नव्हतं, आणि हो म्हणून शेजारच्या गावांत हसू करून घ्यायचं नव्हतं. त्यानं मधला रस्ता काढला. आणि तो रस्ता फार लांब होता. म्हणाला, मेसरामांच्या घरात आलेली प्रत्येक सून पहिल्या पूजेला गंगेचं पाणी आणते. गंगा म्हणजे गोदावरी. पितळेच्या घागरीत, अनवाणी, पायी. गाडी नाही, बस नाही. वाटेत घागर भुईला टेकवायची नाही. थांबायचं झालं तर झाडाच्या बेचक्यात ठेवायची. सात देवांच्या माणसाचा हात तिला लागता कामा नये. त्या पाण्यानं देवाची अंघोळ झाली, की मग चूल. हिनं आणलं तर सून. न्हाई आणलं तर पाहुणी, आणि पाहुणीला आम्ही जेवू घालूच.

हे सांगताना तो माझ्या तळपायांकडे बघत होता. शिलाई मशीनच्या पायपट्टीवर जन्म गेलेले माझे पाय, त्यांना भेग म्हणून नाही. तो मनातून पुष्कळ खूश होता.

सगळे माझ्याकडे बघू लागले. तसं कुणी मला काही विचारलं नव्हतं. तरी मी बोलले.

"आणीन."

मोतीराम हसला, पटला हसला, भुजंगरावांनीही सगळे हसले म्हणून थोडं हसून घेतलं. आत्या तेवढी हसली नाही. ती उठून घरात गेली आणि एक चेपलेली पितळी घागर घेऊन आली. जैतूच्या आईची होती. कोणे एके काळी तीही बाहेरून आली होती.

परतीच्या गाडीत जैतू माझ्यावर रागावली. नांदेडपासून किनवट म्हणजे काय तुझं शिवणवर्ग ते घर आहे का, म्हणाली. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, पुढं जंगल, आणि या साली वाटेत प्यायलाही पाणी नाही. नको जाऊस, मी भावजयीच्या चुलीत लाकूड सारीन, तेवढंच पुरं. मग जरा थांबून तिच्या मनातलं खरं बोलली. तू गळ्यातला देव सोडून दुसऱ्या देवापुढं हात जोडत नाहीस. माझ्यासाठी तुझं व्रत मोडायचं नाही.

मी म्हटलं, हात जोडायला कोण चाललंय. मी पाणी घेऊन चालले आहे. लातुरात रोज टँकरवरून माडीपर्यंत पाणी चढवते, त्याला आजवर कुणी पूजा म्हणालेलं नाही. शिवाय दोन्ही हात घागरीला लागतील, जोडायचे म्हटलं तरी जमणार नाही.

भोकर आलं तेव्हा तिनं माझी चप्पल काढून घेतली आणि माझे पाय स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतले. डब्यात माणसं होती. नर्स बाईंना एखादा पेशंट सापडला असेल असं त्यांना वाटलं असावं.

उदगीरच्या मठातले स्वामी मला लहानपणापासून ओळखतात. हे चालतं का, असं त्यांना विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, म्हणून विचारलं नाही. देवाला मात्र रोज सकाळी सांगत होते. तो तळहातावर बसून ऐकून घ्यायचा. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर गंगा आहे. माझ्या डोक्यावर थोडी आली तर तो काय बोलणार.

मी अनवाणी फिरू लागले. आधी गल्लीत, मग टँकरपर्यंत, मग शिवणवर्गापर्यंत. शिकायला येणाऱ्या मुलींना वाटलं, चप्पल तुटली. डोक्यावर भरली घागर घेऊन मी माडीचा जिना पुन्हा पुन्हा चढायचे, तेही तेच पाणी. केवळाबाई खाली तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्यांनी काही दिवस पाहून घेतलं. मग एकदा सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे नवं व्रत दिसतंय."

मी हो म्हटलं.

"आता कुठलं स्थळ आलं ग?"

माझी घागर डुचमळली. म्हणजे या बाईला मिठापासून सगळं ठाऊक होतं. मी पायरीवर उभी राहिले.

"किनवटचं," मी म्हटलं. "पण या वेळी होकार द्यायचाय."

केवळाबाईंनी सूप परत मांडीवर घेतलं. म्हणाल्या, की रात्री तळपायांना एरंडेल लावत जा, आणि पौषात सकाळचे गोटे फार गार असतात. दुसऱ्या दिवशी माडीच्या दारात एरंडेलाची बाटली होती.

पौष लागला. मी शिवणवर्गाला सुट्टी दिली, मुलींना काजं-बटणांचं काम नेमून दिलं. आम्ही आदल्या दिवशी नांदेडला येऊन जैतूच्या एका जुन्या सोबतिणीकडे उतरलो आणि पहाट फुटता फुटता विष्णुपुरीला नदीवर गेलो. पात्र कितीतरी रुंद आणि त्यात मधूनमधून वाळूच जास्त. धरणाच्या कामावरची यंत्रं थंडीत गप्प उभी. पायऱ्यांखाली मात्र डोह होता, स्वच्छ होता. मी गुडघाभर पाण्यात शिरून घागर विसळली, भरली, तोंडाला फडकं बांधलं. जैतू काठावर उभी होती. सात देवांचा हात लागायला नको म्हणून तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते, आणि सुचेल ते सांगत होती. फडकं सैल आहे. चुंबळ नीट ठेव. इस्लापुरात माझी ओळखीची दाई आहे, तिच्याकडे टेक. तिला बसनं पुढं जायचं होतं. देवाच्या मैदानात जागा धरायची होती, लाकडं आणायची होती, आणि कुणी काही बोललंच तर ऐकून घ्यायचं होतं. तिचं काम माझ्याहून सोपं नव्हतं.

भरलेली घागर मला एकटीला डोक्यावर घेता येईना. बांधकामावर निघालेली एक बाई पायऱ्या उतरत होती, तिला मी हात लावायला सांगितलं. कस्तुराबाई नाव, तिनंच सांगितलं. तिनं घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवली, चुंबळ सारखी केली, मग माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, येवढं पाणी घेऊन अशी कुठं चाललीस बाई?

सासरी, म्हटलं.

असेल बाई, ती म्हणाली, सासरी सगळीकडं पाण्याचीच बोंब हाय, आणि कामाला गेली. जैतूनं तोंड फिरवून घेतलं. तिचे खांदे हलत होते, हसण्यानं की कशानं ते मला मान वळवता येत नसल्यामुळं दिसलं नाही. मी एक हात घागरीला लावला, दुसऱ्यानं निऱ्या जरा वर खोचल्या. नांदेड शहर ओलांडून भोकरचा रस्ता धरायचा होता. डांबर गार होतं. मी चालू लागले.